जुना चेनसॉ भंगारात घालायच्या आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत जुन्या वस्तूंच्या संग्रहावरचा लेख वाचला. घड्याळं, कॅमेरे, रेडिओ, ग्रामोफोन, जुन्या गाड्या सगळ्यांबद्दल छान लिहिलंय, पण शेवटाकडे एक वाक्य असं आलं की कामाची अवजारं मात्र काम संपलं की भंगारात गेलेलीच बरी, त्यात जपण्यासारखं काही नसतं. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. मी जुने चेनसॉ, म्हणजे झाडं कापायच्या यंत्रावर चालणाऱ्या साखळी-करवती, जमवते आणि दुरुस्त करून परत चालू करते, हाच माझा छंद, आणि माझं म्हणणं एवढंच आहे की ज्या यंत्रावर माणसांनी आयुष्यभर घाम गाळला ते यंत्र घड्याळाइतकंच जपण्याच्या लायकीचं आहे, आणि जपायचं तर चालू हालतीत जपायचं, नुसतं रंग मारून कपाटात ठेवायचं नाही.

घड्याळ किंवा कॅमेरा टिकतो कारण माणूस तो हौसेने घेतो, डबीत ठेवतो, जाताना मुलाबाळांना देतो. चेनसॉच्या नशिबी हे कुठलं. तो कामासाठी घेतला, रोज वापरला, चिखलात टेकवला, पावसात भिजला, बिघडला तर त्याचेच पार्ट काढून दुसऱ्याला लावले आणि उरलेला सांगाडा फेकून दिला. त्यामुळे होतं काय, की एके काळी ढिगाने विकली गेलेली मॉडेलंसुद्धा आज धड अवस्थेत मिळायची मारामार आहे. श्रीमंतांच्या बैठकीतल्या वस्तू म्युझियममध्ये जातात आणि ज्यावर हजारो लोकांचं पोट चाललं त्या वस्तू वितळवल्या जातात, हे मला मुळातच पटत नाही.

चेनसॉचा इतिहास म्हणजे एका अर्थाने वजन उतरत गेल्याचा इतिहास आहे. जर्मनीत आंद्रेआस श्टीलने १९२६ मध्ये विजेवर चालणारा चेनसॉ काढला, पण जंगलात वीज आणणार कुठून. पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, एमिल लेर्पने थुरिंगियातल्या डोल्मार नावाच्या डोंगरावर पेट्रोलवरचा चेनसॉ चालवून दाखवला आणि कंपनीला पुढे त्या डोंगराचंच नाव दिलं. त्या मशीनचं वजन होतं ५८ किलो! एक माणूस इंजिनाच्या बाजूला, दुसरा बारच्या (ज्या लांब पट्टीभोवती चेन फिरते तिच्या) टोकाला, आणि दोघांनी मिळून ते धूड डोंगरउतारावर झाडापासून झाडापर्यंत न्यायचं. श्टीलच्या कंपनीचं १९२९ चं पेट्रोल मशीन ४६ किलोचं होतं, म्हणजे तेही एकट्याच्या आवाक्यातलं नाहीच.

बऱ्याच जणांना वाटतं दोन माणसं फक्त वजनामुळे लागायची, पण तेवढंच कारण नव्हतं. जुन्या कार्बोरेटरमध्ये (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागात) फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा छोटा तुकडा, असायचा आणि तो नीट तरंगायचा तर इंजिन सरळ उभंच राहायला पाहिजे. आता उभं झाड पाडायला बार आडवा लागतो आणि पडलेल्या ओंडक्याचे तुकडे करायला उभा, मग करायचं काय, तर इंजिन तसंच सरळ ठेवून पुढचा गिअरबॉक्स सैल करायचा, बारसकट फिरवायचा आणि परत कसायचा, प्रत्येक वेळी. हे वाचून समजतं खरं, पण तसलं मशीन समोर ठेवून तो लॉक सोडून गिअरबॉक्स हाताने फिरवून बघितला की दिवसभर हे करणाऱ्या माणसाच्या मनगटाचं काय होत असेल ते कळतं. सोव्हिएत रशियात १९५५ पासून बनलेला द्रुझ्बा बघा, त्याचे हँडल मुद्दाम उंच वर नेलेत, म्हणजे बुंध्याशी कापताना माणसाला कंबरेत वाकून राहायला लागू नये. कुणीतरी कामगाराच्या पाठीचा विचार करून ते केलंय आणि ते त्या नळीच्या वाकात अजून दिसतं.

मग डायफ्रामचा कार्बोरेटर आला आणि सगळं बदललं. त्यात फ्लोटच नाही, एक पातळ पडदा क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पेटीतल्या) दाबाच्या चढउतारावर हलून पेट्रोल ओढतो आणि दुसरा पडदा गरजेपुरतं आत सोडतो, मशीन आडवं धरा, उलटं धरा, इंजिन चालूच राहतं. अमेरिकेत मॅककुलक कंपनीने १९४९ मध्ये ३-२५ नावाचं मॉडेल आणलं २५ पौंडांचं, म्हणजे साधारण सव्वाअकरा किलो, श्टीलचा एकट्याने चालवायचा सॉ १९५० मध्ये आला १६ किलोचा, नंतर १९५९ मध्ये त्यांचाच काँट्रा आला ज्यात मधले गिअर काढूनच टाकले आणि क्लचवरच्या स्प्रॉकेटने (दातेरी चाकाने) थेट चेन फिरवली, वजन १२ किलो. आणि १९६३ चा अमेरिकेतल्याच होमलाइट कंपनीचा एक्सएल-१२ म्हणजे बार आणि चेन सोडून १२ पौंड, जेमतेम साडेपाच किलो, मॅग्नेशियमच्या ओतीव बॉडीमुळे हे शक्य झालं. ५८ किलोपासून इथपर्यंत यायला ३६ वर्षं लागली. मी घरी आलेल्या पाहुण्यांना तारखा सांगत नाही, आधी एक जुनं गिअरवालं मशीन उचलायला देते आणि मग एक्सएल-१२ हातात देते, बाकी काही समजावून सांगावं लागत नाही.

चेनबद्दल लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही, कारण माझ्या मते खरी क्रांती इंजिनात नाही तर चेनमध्ये झाली. सुरुवातीच्या चेनला हातकरवतीसारखे उभे दात असायचे, ते लाकूड ओरबाडत जायचे, लवकर बोथट व्हायचे आणि त्यांना धार लावायची म्हणजे कानस घेऊन तासन् तास बसायचं काम, त्यात निष्णात माणूस वेगळा ठेवायला लागायचा. अमेरिकेतल्या ओरेगन भागात जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या होता, यंत्रांचीही चांगली जाण असलेला, १९४६ मध्ये त्याने एका बुंध्यात लाकूड पोखरणारी भुंग्याची अळी बघितली. बोटाएवढी अळी, पण लाकडाच्या रेषांच्या आडवी असो की उभी, सारख्याच सहजतेने आत शिरत होती. त्याने नीट निरखलं तेव्हा दिसलं की ती ओरबाडत नाही, तिचे दोन वाकडे जबडे आळीपाळीने डावीकडून आणि उजवीकडून लाकूड कोरून काढतात. त्याने घराच्या तळघरात तसेच वाकडे, एक डावा एक उजवा असे दात असलेली चेन बनवली आणि १९४७ मध्ये ती विकायला काढली. आज जगात कुठल्याही कंपनीचा चेनसॉ घ्या, चेन बघा, एक दात डावीकडे वळलेला, पुढचा उजवीकडे, मूळ कल्पना तीच. म्हणून एखाद्या जुन्या मशीनवर आधीची ओरबाडणारी चेन अजून शिल्लक असेल तर ती काढून नवी लावायची घाई करू नये, ती चेन कधी कधी मशीनपेक्षा दुर्मिळ असते. मशीन चालवून बघायचं असेल तर वेगळा बार आणि वेगळी चेन लावा, जुनी तेलात भिजवून तशीच जपून ठेवा.

आता मुख्य कामाकडे येते, कारण लेखात जुन्या वस्तू ‘चकचकीत करणे’ म्हणजेच दुरुस्ती असं गृहीत धरलंय आणि तिथेच माझा खरा वाद आहे.

जुना चेनसॉ हातात आला की पहिली गोष्ट करायची नाही ती म्हणजे चालू करायची दोरी ओढणं. सगळ्यांना तोच मोह होतो. वर्षानुवर्षं कोरड्या पडलेल्या सिलिंडरमध्ये पिस्टन खस्सकन वर नेला तर रिंग अडकून भिंतीवर चरे पडू शकतात. आधी स्पार्क प्लग काढायचा, भोकातून थोडं पातळ तेल सोडायचं, मशीन या कुशीवरून त्या कुशीवर करायचं आणि फ्लायव्हील (क्रँकच्या टोकाचं जड चाक) हाताने हळूहळू फिरवून बघायचं. मग सायलेन्सर काढायचा, दोन बोल्टचं काम असतं, आणि एक्झॉस्टच्या खिडकीतून टॉर्च मारून पिस्टनची बाजू बघायची. स्वच्छ करडी, बारीक आडव्या रेषांची बाजू दिसली की समजायचं इंजिन जिवंत आहे. उभे खोल चरे दिसले तर कधीतरी तेल न मिसळता पेट्रोल टाकलंय किंवा कुठून तरी जास्तीची हवा आत जात होती. त्या एका खिडकीतून मशीनचं अर्धं आयुष्य वाचता येतं आणि तरी मी कितीतरी लोकांना आधी पॉलिश घेऊन बसलेलं बघितलंय.

स्पार्क येत नाही म्हणून तर किती मशीनं विनाकारण फेकली गेली असतील. एक्सएल-१२ चंच उदाहरण घ्या. फ्लायव्हील पुलर लावून काढलं (हातोडी मारून नाही, क्रँकचे आटे जातात) की मागे एक छोटी डबी दिसते, तिचं झाकण उघडलं की आत पॉइंट (ठिणगीचा करंट जोडणारी-तोडणारी दोन तोंडं) आणि कंडेन्सर. वरून बघितलं तर सगळं ठीक दिसतं. पण पॉइंटच्या तोंडांवर न वापरल्यामुळे एक पातळ थर बसलेला असतो, डोळ्याला दिसतही नाही, आणि तेवढ्याने करंट अडतो. साधा कोरा कागद त्या दोन तोंडांमध्ये सरकवून ओढला की कागदावर काळपट रेघ उठते, परत दुसरी जागा घेऊन ओढायचा, रेघ फिकी होते, असं करत करत कागद पांढराच बाहेर यायला लागला की थांबायचं. मग फिलर गेजने (मापाच्या पातळ पट्ट्यांनी) त्या तोंडांमधलं अंतर बघायचं, होमलाइटला ०.०१५ इंच, झाकण बंद, फ्लायव्हील परत जागेवर. प्लग बॉडीला टेकवून दोरी ओढली आणि निळी ठिणगी पडली तर समजा, ज्या मशीनला सगळ्यांनी मेलेलं म्हटलं होतं त्याला फक्त एक कागद हवा होता. बहुतेक वेळा ठिणगीचा करंट बनवणारी कॉइल शाबूत असते, लोक उगाच कॉइलला दोष देतात.

त्यानंतर कार्बोरेटर. आत डायफ्राम वाळून कडक झालेला असतो, बोटाने दाबला तर टक् टक् वाजतो, तो मऊ असायला पाहिजे म्हणजे बदलायचाच. बऱ्याच जुन्या मशीनवर टिलॉटसन कंपनीचे कार्बोरेटर आहेत आणि सुदैवाने त्यांचे दुरुस्तीचे किट आजही बनतात, हे या छंदातलं मोठंच सुख आहे. नवा डायफ्राम टाकताना खालचा छोटा लिव्हर बरोबर उंचीला बसवायला लागतो, जरा वर राहिला तर पेट्रोल जास्त, जरा खाली गेला तर कमी, आणि टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी कारण तेल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोलची रबरी नळी तर न बघताच बदलावी, आजच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर कुठे चिकट होतं कुठे चिरतं. क्रँकचे ऑइल सील मात्र लोक विसरतात. सील कडक झाले की तिथून हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन छान जोरात पळतंय असं वाटतं आणि तेवढ्यात पिस्टन वितळून सिलिंडरला चिकटतो. म्हणून पहिल्यांदा चालू करायच्या आधी सायलेन्सर आणि कार्बोरेटरची तोंडं बंद करून क्रँककेसमध्ये हलका दाब भरून बघायचा, दाब टिकला तर पुढे जायचं, उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडा कुठे येतो ते शोधायचं. कंटाळवाणं काम आहे पण हेच करायचं असतं.

आणि मग ट्यूनिंग, माझं सर्वात आवडतं. कार्बोरेटरला दोन सुया (स्क्रू) असतात, एक मंद वेगाची एक जास्त वेगाची. जास्त वेगाची सुई अशी लावायची की मशीन भर रेसवर हवेत धरलं तर आवाज थोडा फाटेल, बडबडल्यासारखा येईल, आणि बार लाकडात घातला, लोड आला की तोच आवाज एकदम स्वच्छ आणि सरळ होईल. हवेत असतानाच आवाज तिखट, चिरका आणि गुळगुळीत येत असेल तर पेट्रोल कमी पडतंय, लगेच सुई सैल करा. मीटर लावून हे करता येतं पण जुने मेकॅनिक हे कानानेच करायचे आणि हे कान तयार व्हायला चालू मशीनच लागतं, कपाटातल्या मशीनवर हे कुणाला शिकवणार? चालू हालतीत जपा असं मी म्हणते ते यासाठी. मशीन बंद पडलं की त्याच्यासोबत हे कानही जातात, आणि ते कुठल्या मॅन्युअलमध्ये लिहिलेले नाहीत.

तेलाच्या प्रमाणावर लोक भांडतात. जुन्या मशीनच्या टाकीवर १६ ला १ (पेट्रोल १६ भाग, तेल १ भाग) असं लिहिलेलं सापडतं, ते त्या काळच्या साध्या इंजिन ऑइलसाठी होतं, आजच्या टू-स्ट्रोक ऑइलला तेवढं प्रमाण ठेवलं तर नुसता धूर आणि प्लगवर काजळी. मी ३२ ला १ वापरते, बेअरिंग जुने आहेत म्हणून थोडं जास्त तेल बरं. पण टाकीवरची ती १६ ला १ ची अक्षरं कृपा करून खोडू नका.

यावरून रंगाचा मुद्दा. माझं मत या छंदातल्या बऱ्याच लोकांना आवडत नाही तरी लिहिते, जुन्या चेनसॉला नवा रंग मारू नये. पूर्ण गंजून किंवा झिजून गेलेली बॉडी असेल तर गोष्ट वेगळी, पण मूळ रंग निम्मा जरी शिल्लक असेल तर तो तसाच राहू द्यावा. पुढच्या हँडलवर डाव्या हाताची जागा घासून धातू उघडा पडलेला असतो, दोरीच्या मुठीवर बोटांचे खड्डे असतात, एखाद्या झाकणावर खिळ्याने कोरलेली अक्षरं असतात, कुठे तुटलेला कान वेल्डिंगने परत जोडलेला असतो आणि ती वेल्डिंग ओबडधोबड पण घट्ट असते. हे सगळं त्या मशीनने केलेल्या कामाची नोंद आहे. नवा रंग मारला की ती नोंद एका दुपारी पुसली जाते आणि मागे राहतो फक्त एक चकाकणारा लाल किंवा पिवळा ठोकळा, जो कुणाच्याही हातातून गेलेला वाटत नाही. धुवा, ब्रशने तेलाचा चिकटा काढा, भुसा काढा, पातळ तेलाचा हात फिरवा, बास.

शिवाय रंग काढायच्या नादात लोक बॉडीवर ग्राइंडर आणि वायर ब्रश चालवतात, हे धोक्याचं आहे. बऱ्याच जुन्या चेनसॉची बॉडी मॅग्नेशियमची असते आणि मॅग्नेशियमची बारीक भुकटी पेट घेते, पेटली तर पाण्याने विझत नाही उलट भडकते. आम्लाचंही तसंच. क्रोमचा लेप असलेल्या सिलिंडरला चिकटलेलं पिस्टनचं ॲल्युमिनियम काढायला काही जण हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, ते फार जपून, नेमक्या त्या डागापुरतं, हातमोजे घालून, मोकळ्या हवेत करायचं काम आहे, लेप कुठे उडालेला असेल तर खालचं ॲल्युमिनियमही खाल्लं जातं, आणि हेच आम्ल मॅग्नेशियमच्या बॉडीवर पडलं तर ती डोळ्यादेखत फसफसून विरघळते.

पार्टचा प्रश्न सगळ्यात अवघड. कंपन्या विकल्या गेल्या, एकमेकांत मिसळल्या, नावं राहिली पण कारखाने गेले. डोल्मार १९९१ मध्ये जपानच्या माकिता कंपनीकडे गेली, होमलाइट कितीतरी हातांतून फिरली, मॅककुलक १९९९ मध्ये दिवाळखोरीत गेली. ही कंपनी काढणारे म्हणजे तेच रॉबर्ट मॅककुलक, ज्यांनी १९६८ मध्ये लंडनचा जुना पूल विकत घेतला आणि त्याचे दर्शनी दगड नंबर टाकून ॲरिझोनात नेऊन तिथल्या नव्या काँक्रीटच्या सांगाड्यावर परत बांधला, तो १९७१ पासून लेक हवासू शहरात उभा आहे. पूल जपला गेला, बघायला लोक जातात, पण ज्या मशीनांच्या पैशातून तो उभा राहिला ती मशीनं मात्र भंगारात! त्यातल्या त्यात एक बरं झालं की मॅककुलकने चेनसॉची इंजिनं गो-कार्टलाही दिली, १९५९ पासून, त्यामुळे कार्ट पळवणाऱ्या जुन्या मंडळींकडे पिस्टन, रिंग, बेअरिंग असा माल अजून निघतो आणि त्यावर आमचीही मशीनं चालतात. दोन वेगळ्या छंदांनी एकमेकांना असं सांभाळून घेतलेलं बघून बरं वाटतं. पण जिथे अशी दुसरी वाट नाही तिथे अवघड आहे. सॅक्स-डोल्मारने (डोल्मारचंच तेव्हाचं नाव) १९७० च्या दशकात वान्केल इंजिनाचा चेनसॉ काढला होता, पिस्टनच नाही, आत तिकोनी रोटर गोल फिरतो, त्याचे सील मिळवायचे म्हणजे नशीबच पाहिजे. अशा वेळी लोक दोन बरी मशीनं फोडून एक छान बनवतात. मला हे पटत नाही. आधीच तुटलेलं, सिलिंडर गेलेलं मशीन पार्टसाठी वापरा, चालू होऊ शकणारं मशीन फोडू नका, नाहीतर आपणच भंगारवाल्याचं काम करतोय.

सुरक्षेबद्दल स्पष्ट लिहिते कारण कुणी हे पत्र वाचून जुनं मशीन घेऊन कामाला लागेल आणि ते मला नकोय. जुन्या चेनसॉला चेन ब्रेक नसतो. बारचं टोक लाकडात अडकून मशीन उसळलं तर चेन चालू असतानाच चालवणाऱ्याच्या तोंडाकडे येते, आजच्या मशीनवर पुढची ढाल मनगटाला लागते आणि चेन तिथल्या तिथे थांबते, श्टीलने असा ब्रेक १९७२ मध्ये आणला आणि स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने पुढच्या वर्षी आपोआप लागणारा. हँडल आणि इंजिनाच्या मध्ये रबर नाही, त्यामुळे सगळी थरथर थेट हाडात जाते. १९६० च्या दशकात जंगलात काम करणाऱ्या माणसांची बोटं पांढरी पडायला लागली, थंडीत बधिर व्हायची, बटण लावता यायचं नाही, आणि डॉक्टरांनी त्याचं कारण शोधलं ते हीच थरथर. हुस्कवार्नाचा १९६९ चा १८० आणि त्याच काळात इतरांनी आणलेली रबरावर बसवलेली हँडलं या दुखण्यातून आली. म्हणून माझ्या संग्रहात १९६० च्या आधीचं कडक हँडलवालं मशीन आणि रबरवालं मशीन शेजारी शेजारी ठेवलंय, कुणाला समजून घ्यायचं असेल तर मी दोन्ही चालू करून आळीपाळीने हातात देते, अर्धा मिनिट पुरतो. जुन्या मशीनने झाडं पाडू नका, फांद्या कापू नका. घोडीवर नीट बांधलेला ओंडका, कानाला संरक्षण (आवाज १०० डेसिबलच्या वर जातो), डोळ्याला चष्मा, पायाला चेनने सहज न कापली जाणारी पँट, आणि एक-दोन काप, एवढंच.

लेखावरच्या चर्चेत कुणीतरी असंही म्हणालं की ज्या यंत्राने जंगलं कापली ते यंत्र जपायचं कशाला. प्रश्न चुकीचा नाही. या मशीनमुळे झाडं फार वेगाने गेली हे खरंच आहे, आणि ते लपवून चेनसॉचं कौतुक करणं मलाही मान्य नाही. पण यंत्र वितळवलं म्हणून जंगल परत येत नाही, उलट हे सगळं कुठल्या वेगाने आणि कुठल्या साधनाने झालं ते पुढच्या मुलांना दाखवायला हातात काही उरत नाही. दोन माणसं करवत ओढत दिवसभर जे करायची ते एकटा माणूस कितीतरी कमी वेळात कसा करायला लागला हे दाखवायचं असेल तर हातकरवत आणि चेनसॉ एकाच टेबलावर ठेवायला पाहिजेत, आणि चेनसॉ चालू पाहिजे.

संपादकसाहेब, माझी विनंती अशी आहे की पुरवणीतल्या संग्रहाच्या सदरात अधूनमधून कामाच्या यंत्रांनाही जागा द्या, चेनसॉच पाहिजे असं नाही, शिवणाची, छपाईची, पाण्याच्या पंपाची, काहीही चालेल. ज्यांनी ती वापरली ते लोक अजून आहेत, त्यांच्याशी आत्ताच बोलायला पाहिजे, कुठली सुई किती फिरवायची हे त्यांना आठवतंय तोवर.

आणि वाचकांना सांगायचं तर, घरात, शेडमध्ये, माळ्यावर एखादा जुना चेनसॉ पडला असेल तर भंगारात घालायच्या आधी एवढं करा. दोरी ओढू नका. टाकीत पेट्रोल असेल तर बाहेर मोकळ्या हवेत एखाद्या डब्यात ओतून काढा आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या. चारी बाजूंनी फोटो काढा, त्यात बारवरची आणि चेनवरची अक्षरं येतील असे बघा. सोबत मॅन्युअल, जुनं किट, जादा प्लग, कानस, काहीही असेल तर ते वेगळं करू नका, सगळं एकाच खोक्यात ठेवा, आणि मशीन कुणी वापरलं, कुठल्या कामाला, ते घरातल्या मोठ्या माणसांना विचारून एका कागदावर लिहून त्याच खोक्यात टाका. नंबरची पट्टी बहुतेक बॉडीच्या बाजूला किंवा तळाला असते, ती सँडपेपरने घासायची नाही, फडक्याला थोडं तेल लावून पुसायची, आकडे वाचता आले की लिहून ठेवायचे, त्यावरून मॉडेल आणि बऱ्याचदा सालसुद्धा शोधता येतं.

आपली,
एक नियमित वाचक